लायब्ररीच्या बाई

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी 'ययाति' वाचलेली नाही, आणि ही गोष्ट त्या कुणी विचारायच्या आत सांगून टाकतात. 'मृत्युंजय' त्यांनी एकदा हातात घेतली होती, पण लगेच खाली ठेवली. मोठ्या माणसांच्या कादंबऱ्यांबद्दल त्यांचं एकंदर मत असं, की त्यात माणसं फार उसासे टाकतात आणि शंभर पानं उलटली तरी कुणी झाडावर चढत नाही. झाडावर न चढणाऱ्या माणसांबद्दल वाचण्यात बाईंना रस नाही. तशी माणसं स्टाफरूममध्ये भरपूर आहेत.

मधल्या सुट्टीत 'सध्या काय वाचताय?' असा विषय निघाला की आम्ही सगळे थोडंथोडं खोटं बोलतो. मराठीचे सर नेमाड्यांचं नाव घेतात. इतिहासाच्या बाई 'सेपियन्स' म्हणतात. ते त्यांचं तीन वर्षं चालू आहे. मी गणिताचा माणूस, रविवारच्या पुरवणीवर भागवतो. लायब्ररीच्या बाई मात्र डबा उघडता उघडता म्हणतात, "बोक्या सातबंडे. परत." आणि भाकरी मोडून ठेच्याला लावतात. त्या 'परत'मध्ये लाजल्याचा सूर नसतो. उलट आपण कुणाला तरी नेमाने भेटायला जातो आणि तुम्ही लोक जात नाही, असा थोडा टोमणाच असतो.

लायब्ररी म्हणजे जिन्याखालची खोली. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, त्यामुळे ती खोली तरी आहे याबद्दल बाई संस्थेच्या ऋणी असल्याचं वार्षिक अहवालात छापलेलं असतं. खोलीत सहा लोखंडी कपाटं, दोन बाकं, लेझमांचे जुडगे, प्रभातफेरीचे फलक आणि विज्ञान प्रदर्शनात दुसरा आलेला एक ज्वालामुखी. भिंतीवर डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा फोटो. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे हे जनक. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे तो बाई एकट्याच पाळतात. नवीन मुलांना तो फोटो संस्थेच्या संस्थापकांचा वाटतो. एकदा खुद्द संस्थेच्या चिटणीसांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी हात जोडून, चपला काढून हार घातला. बाईंनी खुलासा केला नाही. "रंगनाथनांना हार मिळाला ना, बास," म्हणाल्या.

या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. बाईंना ते तोंडपाठ आहेत आणि त्यांतले चार त्या मानतात. पुस्तकं वापरायला असतात, हे कबूल. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हेही कबूल. त्यासाठी तर त्यांचा जन्म आहे. ग्रंथालय वाढत राहतं, हे जिन्याखाली जरा अवघड जातं, पण तत्त्वतः कबूल. वाचकाचा वेळ वाचवा, हा नियम मात्र त्यांना साफ नामंजूर. "पोराचा वेळ वाचवून ते करणार काय? शिकवणीला जाणार. त्यापेक्षा शोधू दे की इथं अर्धा तास."

शोधावं लागतंच. कारण पुस्तकं लावायची बाईंची स्वतःची रीत आहे. कपाट एक ते तीन शास्त्राप्रमाणे, ड्यूई पद्धतीने. मराठी साहित्य ८९१.४६ आणि पुढचे आकडे, पाठीवर पांढऱ्या चिठ्ठ्या, सगळं तपासणीला दाखवण्याजोगं. चौथं कपाट बालसाहित्याचं. तिथे ड्यूईसाहेबांना प्रवेश नाही. वरच्या खणात घाबरवणारी पुस्तकं, त्याखाली हसवणारी, मग रडवणारी, आणि सगळ्यांत खाली, लहानांच्या हाताला येतील अशी, आजारपणात वाचायची. गोवर-कांजिण्या, मोडलेला हात, तीन दिवसांचा ताप, यांसाठी वेगवेगळी निवड आहे. एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "या कपाटाला वर्गांक नाहीत का?" बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला काय होतंय ते सांगा, मी पुस्तक देते." साहेबांना अ‍ॅसिडिटी होती. जाताना त्यांच्या बॅगेत विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' होतं. ते त्यांनी पोस्टाने परत पाठवलं. तपासणी अहवालात बालसाहित्याच्या कपाटाचा उल्लेख नाही, चांगलाही नाही, वाईटही नाही.

विंदांना २००३चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो 'एटू लोकांचा देश' आणि 'राणीची बाग' यांसाठीच, अशी बाईंची पक्की समजूत आहे. मराठीचे सर एकदा दुरुस्ती करायला गेले होते. "मग कशासाठी मिळाला म्हणता?" बाईंनी विचारलं. सर पंधरा मिनिटं बोलले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेही असेल."

पाचव्या कपाटात 'भेट' आलेली पुस्तकं राहतात. शाळेला भेट येणारी पुस्तकं ही एक वेगळीच वाङ्मयीन जमात आहे. निवृत्त होणारा प्रत्येक कर्तबगार माणूस आत्मचरित्र लिहितो, त्याच्या पाचशे प्रती काढतो, शंभर खपल्या की उरलेल्या शाळांना वाटतो. बाई त्या दाखल करून घेतात, गुप्त पानावर शिक्का मारतात, आभाराचं पत्र पाठवतात आणि पुस्तक पाचव्यात टाकतात. हे कपाट मुद्दाम त्या भिंतीला आहे जिथे पावसाळ्यात ओल येते. हॅरी पॉटर वाचल्यावर बाईंनी या कपाटावर 'परवानगीशिवाय हात लावू नये' असा फलक लावून पाहिला होता. हॉगवर्ट्‌समध्ये असाच एक विभाग आहे आणि तिथली मुलं रात्री चोरून तिथे जातात. आमच्या शाळेतलं कुणी गेलं नाही. जादूलाही मर्यादा असतात. हॅरी पॉटर बाईंनी मनापासून वाचला, फक्त त्यातल्या ग्रंथपाल मॅडम पिन्स यांचा स्वभाव त्यांना खटकला. "एवढ्या मोठ्या शाळेत पूर्णवेळ नोकरी, राहायला जागा, आणि तरी पोरांवर खेकसते! हिला अर्धवेळ केली पाहिजे वर्षभर."

या अर्धवेळ प्रकरणाला इतिहास आहे. बाई १९९३ साली लागल्या त्या अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून. अर्धवेळ म्हणजे पगार निम्मा. वेळ निम्मा कधीच नव्हता. ग्रंथपालाला तास नसतात, या एका वाक्यावर शाळेतली अर्धी कामं चालतात. कुठले सर रजेवर, त्यांचा तास बाईंकडे. पोषण आहाराच्या नोंदी बाईंकडे. शिष्यवृत्तीचे अर्ज, हस्तलिखिताची शिवण, पाहुण्यांचा नारळ, सगळं बाईंकडे. बाई तक्रार करत नाहीत, कारण रजेवर गेलेल्या सरांच्या तासाला त्यांना पाहिजे ते करता येतं.

त्या काय करतात, ते मी शेजारच्या वर्गात फळ्यावर समीकरणं लिहिताना बऱ्याचदा ऐकलं आहे. जुन्या 'चांदोबा'चे बांधलेले खंड त्यांच्याकडे आहेत. विक्रमाने झाडावरून प्रेत काढलं, खांद्यावर टाकलं, वेताळ गोष्ट सांगू लागला. शंकर या चित्रकाराने काढलेलं ते चित्र बाई वर्गात फिरवतात, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग वाचायला सुरुवात. मूळचा वेताळ पंचवीस गोष्टींत आटपला होता, 'चांदोबा'तल्याने मात्र वर्षानुवर्षं राजाचा खांदा सोडला नाही. गोष्ट संपते, वेताळ प्रश्न टाकतो, माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील म्हणतो, आणि बाई खंड मिटतात. राजाचं उत्तर वाचत नाहीत. कधीच नाही. पुढचा रिकामा तास कधी मिळेल ते कुणाच्या तब्येतीवर अवलंबून. तेवढ्या दिवसांत वर्गात दोन तट पडतात, जिन्यावर भांडणं होतात. एकदा सहावीतला एक पोरगा माझ्या त्रैराशिकाच्या मध्येच उठून म्हणाला, "सर, पण चोराचीच चूक होती!" मी कुठला चोर म्हणून विचारलं तर सगळा वर्ग मला समजावून सांगायला लागला. त्रैराशिक तिथेच राहिलं.

गोष्टीचं उत्तर गोष्टीने द्यायचं नाही, हा बाईंचा हट्ट कुठवर जातो ते इसापनीतीच्या प्रतींवरून कळतं. शाळेत इसापनीतीच्या आठ प्रती आहेत. त्या सगळ्यांत, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जिथे 'तात्पर्य' छापलेलं आहे, तिथे बाईंनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. पट्टी साधी नाही. मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, वरून दाब. दाबासाठी मराठी विश्वकोशाचे खंड. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एवढा ज्ञानयज्ञ मांडला, त्याचे ते जाडजूड खंड आमच्या शाळेत मुख्यतः डागडुजी केलेल्या बालवाङ्मयावर ठेवायला वापरले जातात. बालसाहित्यावर एवढं वजन आजवर दुसऱ्या कुणी टाकलेलं नाही.

पट्ट्या लागल्यावर आठवड्याभरात एक गोष्ट माझ्या नजरेला आली. मधल्या सुट्टीत पाचवीची पोरं खिडकीशी रांग लावून उभी. पहिल्याच्या हातात इसापनीती. तो पान उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून, पट्टीच्या पलीकडचं वाचायच्या खटपटीत. "ग… र्व… गर्वाचं काहीतरी आहे!" मागची पोरं, "बघू, बघू!" एकीने पट्टीला थुंकी लावून कोपरा सोडवून पाहिला, पण मोरचुदाची चव लागल्यावर तिने नाद सोडला. इसापनीती शाळेत आल्यापासून तात्पर्य कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. आता संपूर्ण पाचवीला सगळी तात्पर्यं पाठ झाली. मी बाईंना गाठून सांगितलं, तर त्या दोन दिवस घुश्श्यात होत्या. मराठीच्या सरांनी मात्र ताबडतोब सूचना केली, की अशाच पट्ट्या शुद्धलेखनाच्या नियमांवर लावता आल्या तर पाहा.

घरी बाई काय वाचतात, याची चौकशी मी त्यांच्या यजमानांकडे केली आहे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. त्यांच्या सांगण्यानुसार बाई रात्री स्वयंपाकघर आवरून, हात पुसून, दिव्याखाली बसतात आणि माधुरी पुरंदऱ्यांचं एखादं पुस्तक उघडतात. पानावर ओळी दोन-चार, बाकी चित्र. यजमानांचा हिशेब साधा: चोवीस पानं, पानाला अर्धा मिनिट, बारा मिनिटांत गाडी फलाटाला. बाईंना दीड तास लागतो. "एवढं काय बघता?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर बाईंनी त्यांना शेजारी बसवून एका चित्रातल्या ओट्यावरचं काय काय सांडलंय ते दाखवलं. लिहिणारीनेच चित्रं काढली असली की शब्दांनी सोडलेलं चित्र उचलतं, हा बाईंचा सिद्धान्त. यजमानांना सिद्धान्त कळला नाही, पण तेव्हापासून तेही बघतात. बारा मिनिटांचं वेळापत्रक गेलं.

बाईंसारखा कडक समीक्षक मी पाहिलेला नाही. पुस्तकाच्या नावात 'संस्कार' असेल तर त्या ते दोन बोटांनी उचलतात. 'मूल्य' असेल तर तेवढंही नाही. पहिल्या पानावर लेखकाने 'बालमित्रांनो' म्हटलं की बाई थेट शेवटच्या पानावर जातात, तिथे कुणी ना कुणी सुधारलेलं असतंच, आणि पुस्तक पाचव्या कपाटात जातं. त्यांची कसोटी अशी: लेखक मुलांशी बोलताना वाकलाय का? वाकला असेल तर त्याची पाठ दुखत असणार, आणि ते वाक्यात दिसतं. ना. धों. ताम्हनकर वाकत नाहीत. 'गोट्या' लिहिणारा माणूस गोट्याच्याच उंचीचा आहे, असं बाई म्हणतात. भा. रा. भागवत तर नाहीच नाही. ते ज्यूल व्हर्नला मराठीत आणतानाही धापा टाकत पुढे पळतात आणि वाचकाने गाठावं अशी अपेक्षा ठेवतात.

भागवतांवर बाईंचा विशेष जीव. 'फास्टर फेणे'ची त्यांच्या कपाटातली प्रत इतकी वाचली गेली आहे की तिला मुखपृष्ठ नाही, पाठ नाही, पहिली सहा पानं नाहीत. नियमाप्रमाणे अशी पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून रद्दीत द्यायची. दर वर्षी निर्लेखनाच्या यादीत ते पुस्तक येतं आणि बाई त्यापुढे 'चालू स्थितीत' असा शेरा मारतात. नसलेली सहा पानं त्या तोंडी सांगतात. पुस्तक नेणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी ती ऐकावी लागतात. एका प्रशिक्षणासाठी बाई पुण्याला गेल्या होत्या. बाकीच्या बायका दुपारनंतर लक्ष्मी रोडला. बाई बस विचारत विचारत फुरसुंगीला. फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, मूळचा तिथला. परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे गाव? बाई म्हणाल्या, "कचरा डेपोचा वास येतो हो फार. बन्या पुण्याला शिकायला गेला ते बरं झालं."

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाई आपल्या बालपणात रमतात. आम्हालाही तसंच वाटायचं. हेडसरांनी एका भाषणात 'बाईंनी आपल्यातलं लहान मूल जपलं आहे' वगैरे म्हटलं, तेव्हा बाई शेजारच्या खुर्चीवर अस्वस्थ झाल्या. नंतर जिन्याखाली मला म्हणाल्या, "कसलं मूल जपलंय? आमच्या घरात पंचांग आणि नवनाथाची पोथी, दोनच पुस्तकं. पोथीला हात लावायचा तर अंघोळ. किशोर मासिक १९७१ला निघालं तेव्हा मी चार वर्षांची, पण आमच्या वाडीत ते पोचलं नाही. मी पहिलं गोष्टीचं पुस्तक वाचलं ते इथं, नोकरीला लागल्यावर. दाखल क्रमांक घालायला घेतलं, पान उघडं राहिलं, आणि संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा कळलं."

म्हणजे सव्विसाव्या वर्षी. लोक जिथून निघून जातात तिथे बाई तेव्हा पोचल्या. त्यांना कुणी आईच्या मांडीवर चिऊ-काऊ वाचून दाखवलेले नाहीत. त्या पहिल्यांदाच वाचतायत, आणि अजून संपलेलं नाही. जुन्या आठवणींनी डोळे ओले करणारे माजी विद्यार्थी 'काय ते दिवस' म्हणायला लागले की बाईंना त्यांची दयाच येते. ते चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची आठवण काढत असतात. बाईंनी ते काल रात्री वाचलेलं असतं.

त्यामुळे 'लहानपणी काय वाचलंत?' हा त्यांचा प्रश्न निरुपद्रवी नसतो. नवीन हेडसर आले, तेव्हा ओळखीच्या चहालाच बाईंनी तो टाकला. सर म्हणाले, "अर्थात, श्यामची आई." हे उत्तर महाराष्ट्रात सगळेच देतात. बाई म्हणाल्या, "वा. त्यातलं काय आवडतं?" सरांनी तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरल्याचा प्रसंग सांगितला. हाही सगळेच सांगतात. बाईंनी बशीतला चहा संपवला. "आणि पत्रावळ?" सर म्हणाले, "हो, तीही सुंदरच." "कुणी लावली होती पहिल्यांदा?" साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं, त्यात बेचाळीस रात्री आहेत आणि पत्रावळीची रात्र सातवी, हे बाईंना जितकं ठाऊक तितकंच सरांना ते ठाऊक नसल्याचंही त्यांना एव्हाना कळलं होतं. सर बाहेर गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अत्र्यांचा पिक्चर बघितलाय." पुढच्या सोमवारी हेडसरांच्या टेबलावर पुस्तक होतं, आत दिनांकपत्रकावर सात दिवसांची मुदत. सरांनी ते मुदतीत वाचून परत केलं. माणूस वाईट नाही, असं बाई तेव्हापासून म्हणतात.

पण बाईंची खरी कामगिरी मतदारयादीची. ग्रंथपालाला तास नसतात, म्हणून बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम त्यांच्याकडे आलं. दारोदार हिंडायचं, यादीतलं नाव आहे का बघायचं. मयत, स्थलांतरित, दुबार अशा नोंदी करायच्या. पहिल्या दिवशी एका घरात बाई पाणी प्यायला टेकल्या आणि समोर शोकेसमध्ये, गणपती आणि रिमोटच्या मध्ये, त्यांना पाठीवर पांढरी चिठ्ठी दिसली. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली.

"हे कुणी आणलं?"

"आमच्या थोरल्यानं. तो आता पुण्याला असतो, हिंजवडीला. त्याचं नाव काढता का बाई यादीतनं?"

"नावाचं नंतर बघू. आधी पुस्तक काढा."

'चिंगी' होतं. परत करायची तारीख १९९७ची. दंड दिवसाला पंचवीस पैसे. बाईंनी मला फोन करून हिशेब विचारला, तो दोन हजार तीनशेच्या वर गेला. माऊली घाबरली. बाईंनी थोरल्याला फोन लावायला सांगितला आणि तडजोड सुचवली: गोष्ट सांग, दंड माफ. हिंजवडीच्या त्या टीम लीडरने कॉन्फरन्स रूमच्या बाहेर येऊन प्रामाणिक प्रयत्न केला, पण त्याला काही आठवेना. बाईंनी दिनांकपत्रकावर नवी तारीख घातली आणि पुस्तक त्याच घरी, त्याच नावावर परत दिलं.

त्या महिन्यात यादी फारशी पुढे सरकली नाही, पण पिशवीभर पुस्तकं आली. पुढे शाळेच्या साठा पडताळणीत बाईंनी निवडणूक शाखेचेच रकाने उचलले. वाळवीने खाल्लेलं पुस्तक 'मयत'. वाचकासोबत गाव सोडून गेलेलं 'स्थलांतरित'. दोनदा दाखल झालेलं 'दुबार'. लेखापरीक्षकाने हरकत घेतली नाही. त्याला ते फार सोयीचं वाटलं.

गेल्या मे महिन्यात बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. पद पुन्हा भरायला मान्यता नाही, अतिरिक्त कार्यभार कुणाकडे तरी सोपवावा, असं पत्र आलं. हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, म्हणाले. चार्ज घ्यायला मी जिन्याखाली गेलो तर बाईंनी किल्ल्यांचा जुडगा पदराआड केला.

"लहानपणी काय वाचलंत, सर?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. उत्तर माहीत असल्यामुळे असेल. मी खरं ते सांगितलं: उजळणी, नवनीत, आणि वाण्याच्या पुड्या. बाईंनी मान हलवली, डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी, आणि चौथ्या कपाटाच्या खालच्या खणातलं, आजारपणातलं, एक पुस्तक दिलं. एका पुस्तकाला एक किल्ली, असा सौदा. सहा कपाटं, सहा पुस्तकं. चार्ज घ्यायला मला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. पाचव्या कपाटाची किल्ली मात्र त्यांनी तशीच दिली. "त्यातलं वाचायची सक्ती मी शत्रूवरही करणार नाही."

जुलैत शाळा सुरळीत झाल्यावर बाई आल्या त्या वाचक म्हणून. नियमानुसार सभासद फक्त विद्यार्थी आणि कर्मचारी. बाई आता दोन्ही नव्हत्या. त्यांनी अर्ज मागून घेतला, तिथेच बाकावर बसून भरला. इयत्ता: पाचवी. तुकडी: ब. 'ब' का, तर अ तुकडीचं कार्ड फार लवकर भरतं. वीस रुपये अनामत मोजून ठेवली आणि पावती मागितली. पावती पुस्तक कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, ते मला त्यांनीच दाखवलं.

त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मंगळवारी मला नववीचे लागोपाठ दोन तास असतात, त्यामुळे खोलीला कुलूप. ऑगस्टमध्ये हेडसरांनी मला बोलावून सूचना-तक्रार वही पुढे केली. ही वही बाईंनीच सुरू केली होती. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत तिच्यात कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पहिल्या पानावर ओळखीचं अक्षर: 'ग्रंथपाल जागेवर नसतात. दोनदा परत जावे लागले. आजारपणाच्या खणात भुताचे पुस्तक लावलेले आढळले. बदल व्हावा.' खाली सही, इयत्ता आणि तुकडी. त्याखाली हेडसरांचा लाल शाईतला शेरा होता: 'संबंधितांनी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'